तडजोड व्हरांड्यात, शिक्का बाईवर

फौजदारी कोर्टात पाऊल ठेवणाऱ्या बाईला एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. तिनं दाखल केलेली केस तिची नसते. कागदावर नाव असतं ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक-तमुक. ती फिर्यादी, म्हणजे सरकारच्या बाजूची पहिली साक्षीदार. सरकारी वकील सरकारचा असतो, तिचा नव्हे. तिनं त्याला नेमलेलं नसतं, ती त्याला काढू शकत नाही, आणि बरेचदा साक्षीच्या दिवशी सकाळीच तिची-त्याची पहिली गाठ पडते. नवऱ्याला मात्र स्वतःचा वकील असतो. फी देऊन नेमलेला, घरी येऊन बसणारा, केसचा कागद न् कागद पाठ असलेला.

हे सगळं संघटनेत जुन्या झालेल्या बायकांना माहीत आहे. तरी मांडते, कारण पुढचा मुद्दा यावर उभा आहे. फौजदारी कोर्टात आपल्या केसेस पडतात त्या फक्त पोलिसांच्या हलगर्जीमुळे किंवा न्यायाधीशांच्या पुरुषी नजरेमुळे पडत नाहीत. त्या कोर्टाच्या व्हरांड्यात मिटतात, आणि मिटल्याची नोंद कुठंच होत नाही. नोंद होते ती ‘निर्दोष मुक्तता’ अशी. म्हणजे कागदावर बाई खोटी.

फुलंब्री तालुक्यातल्या बाईचा रस्ता बघा. मारहाण झाली, पैशासाठी छळ झाला, की ती आधी माहेरी येते. मग फुलंब्री किंवा वडोद बाजारचं पोलीस ठाणं. तिथून समुपदेशनाला पाठवतात, ‘एकदा समजावून बघू’ म्हणतात. दोन-तीन बैठकांत नाहीच जमलं तर गुन्हा नोंदवला जातो. पूर्वी तो ४९८-अ खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली होतो. आकडा बदलला, मजकूर जवळजवळ तोच आहे. छळाची केस न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. बाई मेली किंवा मरता मरता वाचली तर जळगाव रस्त्यानं, चौका ओलांडून, शहरात सत्र न्यायालयात. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा खर्च कमी झाला. पण कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख पडली की दिवसाची मजुरी गेलीच. आणि तारखेला एकटीनं जाता येत नाही. बरोबर भाऊ किंवा आई लागते, म्हणजे दोघांची मजुरी.

तिथं काय होतं? बाहेर बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला नंबर शोधायचा. पुकारा होईपर्यंत बसायचं. दुपारी कळतं की आरोपीच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला, किंवा साहेब रजेवर, किंवा तपासी अंमलदार दुसऱ्या बंदोबस्तात. रोजनाम्यात एक ओळ पडते आणि पुढची तारीख मिळते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ मध्ये लिहिलं आहे, की साक्षी सुरू झाल्यावर काम रोज चालावं, आणि पक्षकाराच्या हाताबाहेरची अडचण असली तरी दोनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत. वाचायला फार छान कलम आहे.

अशा सहा-आठ तारखा झाल्या की व्हरांड्यातली बोलणी सुरू होतात. दोन्हीकडचे मामा, गावातला एखादा वजनदार माणूस, कधी पोलीस पाटील, दोन्ही वकील. बाई थोडी लांब, भिंतीला टेकून. तिला विचारलं जातं ते शेवटी, आणि तेही ‘आता एवढं ठरलंय, तुला काही म्हणायचंय का’ असं. ठरतं काय, तर इतके रुपये, भांडीकुंडी परत, पोरगं हिच्याकडे की त्याच्याकडे, आणि फारकती. कधी नांदायला परत जायचं ठरतं. बदल्यात तिनं काय द्यायचं? साक्ष.

पण साक्ष द्यायचीच नाही असं करता येत नाही, समन्स आलेलं असतं. म्हणून ती पिंजऱ्यात उभी राहते, शपथ घेते आणि सांगते की मारहाण झाली नाही, घरातलं किरकोळ भांडण होतं, पोलिसांनी काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही. सरकारी वकील उठतात, साक्षीदार फितूर झाल्याचं सांगतात, परवानगी घेऊन चार प्रश्न विचारतात. आई फितूर, भाऊ फितूर, पंच तर कधीचेच फितूर. निकाल पान-दोन पानांचा. पैसे ठरल्यातले निम्मे हातात पडलेले असतात. उरलेले निम्मे कोणाकडे मागायचे? कागद कुठाय?

आता सर्वोच्च न्यायालयाच्या २ जुलै २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाकडे या. अटक कधी करावी, कधी करू नये यावर तो निकाल आहे. त्यात न्यायालयानं सरकारी आकडेवारी देऊन म्हटलं, की ४९८-अ मध्ये १०० पैकी ९३.६ प्रकरणांत आरोपपत्र दाखल होतं, पण शिक्षेचं प्रमाण फक्त १५ टक्के आहे. हे कलम नाराज बायका ढालीसारखं नव्हे, तर शस्त्रासारखं वापरतात, हे म्हणणं मांडताना तो आकडा आला. तेव्हापासून तो वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, वकिलांच्या भाषणांत फिरतो आहे. आमच्या गावातल्या पानटपरीवरसुद्धा पोचला आहे: शंभरातल्या पंच्याऐंशी बाया खोट्या.

मैत्रिणींनो, या पंच्याऐंशीत किती जणींनी पिंजऱ्यात उभं राहून ‘काही झालं नाही’ म्हटलं आणि ते म्हणण्याच्या बदल्यात काय घेतलं किंवा काय गमावलं, हे कोण मोजतं? सरकार मोजत नाही. कोर्टाचा कारकून मोजत नाही. खरं सांगायचं तर आपणही मोजत नाही. तडजोडीची सुटका आणि पुराव्याअभावी सुटका या दोन्ही एकाच रकान्यात पडतात, आणि तो रकाना घेऊन लोक आपल्यावर येतात. पुढे २०१७ मध्ये राजेश शर्मा निकालात तर जिल्ह्याजिल्ह्यात कुटुंब कल्याण समित्या नेमून, त्यांचा अहवाल येईपर्यंत अटक करू नये असंच सांगितलं गेलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये आपल्या शेजारच्या नगरची ‘न्यायाधार’ होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या समित्या रद्द झाल्या. एका जिल्ह्यातल्या बायकांनी उभं राहून केलेली ही मोठी गोष्ट आहे, तिचं कौतुक आपण पुरेसं केलं नाही असं मला वाटतं.

इथं थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. कारण शिबिरात कायद्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘तिकडे बघा, ज्युरी असते, पटापट निकाल लागतो.’ सिनेमात दिसतं ते कोर्ट: बारा जणांची ज्युरी, वकिलांची लांबलचक भाषणं, शेवटी टाळ्या. आपल्याकडेही सत्र न्यायालयात ज्युरी होती. मुंबईचं १९५९ चं नानावटी प्रकरण आठवा. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथं शिक्षा झाली. त्यानंतर ज्युरी ओसरत गेली आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच राहिली नाही.

अमेरिकेत ज्युरी कायद्यानं आहे, पण बहुतेक खटले तिच्यापुढे जातच नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच २०१२ च्या एका निकालात नमूद केलं, की केंद्रीय कोर्टांत होणाऱ्या शिक्षांपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टांत ९४ टक्के शिक्षा या आरोपीनं गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. आणि कबुली बहुतेक वेळा सौद्यातून येते. सरकारी वकील म्हणतो, मोठा आरोप मागे घेतो, तू छोटा कबूल कर. आरोपीचा वकील हो म्हणतो. न्यायाधीश आरोपीला विचारतो, राजीखुशीनं कबूल करतोस ना? आणि शिक्का मारतो. म्हणजे तिकडचं फौजदारी कोर्टही व्हरांड्यातच चालतं. फरक एवढाच की त्यांच्या व्हरांड्यातला सौदा कोर्टापुढे ठेवला जातो आणि दप्तरात शिक्षा म्हणून नोंदला जातो. आपल्या व्हरांड्यातला सौदा दप्तरात सुटका म्हणून नोंदला जातो. तिकडे सौदा झाला की आरोपी गुन्हेगार ठरतो. इकडे सौदा झाला की फिर्यादी खोटी ठरते.

याचा अर्थ त्यांची पद्धत आणावी असा कोणी काढू नये. तिथं जामिनाला पैसे नसलेला गरीब, त्यातही काळा माणूस, गुन्हा न करताही कबुली देऊन मोकळा होतो. खटला लढून हरलो तर फार मोठी शिक्षा, ही भीती त्याच्या डोक्यावर असते. आणि तिथली बाईसुद्धा केसची मालकीण नाहीच. तिथंही फिर्याद सरकारची. १९८० नंतर सॅन दिएगोसारख्या काही शहरांनी असं धोरण घेतलं, की घरातल्या मारहाणीची केस बाईनं ‘मागे घ्या’ म्हटलं तरी मागे घ्यायची नाही. तिची साक्ष नसेल तर जखमांचे फोटो, शेजारी, पोलिसांनी पाहिलेलं, आणीबाणीच्या फोनवर तिनं केलेला आक्रोश यांवर चालवायची. त्या फोनचं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालतं, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये एका प्रकरणात मान्यही केलं. केस एकट्या बाईच्या डोक्यावर न ठेवण्याचा हा विचार मला घेण्यासारखा वाटतो. पण त्यातही बाईची इच्छा बाजूलाच पडते, आणि यावर तिथल्या स्त्रीसंघटनांमध्येही दोन तट आहेत. आपल्याकडून लग्न होऊन तिकडे गेलेली, नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी मुलगी फोन उचलायच्या आधी दहा वेळा विचार करते, कारण नवऱ्याची नोकरी गेली तर तिचंही तिथं राहणं जातं. न्यू जर्सीत १९८५ पासून काम करणारी ‘मानवी’ ही संघटना उभी राहिली ती अशाच दक्षिण आशियाई बायकांसाठी.

आपल्या कायद्यातही २००६ पासून कबुलीच्या सौद्याचं प्रकरण आहे. पण स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, नव्या संहितेतही. हेतू चांगला, की बाईवरच्या अत्याचाराचा सौदा होऊ नये. छळाचं कलम तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीतही नाही, त्यामागेही हाच हेतू. प्रत्यक्षात सौदा बंद झाला नाही. तो उजेडातून अंधारात गेला. कायद्यानं दार लावलं म्हणून लोक खिडकीतून जायला लागले, आणि खिडकीतून जाताना खरचटतं ते बाईला.

कुणी म्हणेल, मग तडजोड करतेच कशाला, शेवटपर्यंत लढावं. हे बोलणं शहरातल्या हॉलमध्ये सोपं असतं. बाई कोर्टात येते तेव्हा तिला काय हवं असतं? मार थांबावा, आपली भांडी-दागिने परत मिळावेत, पोराला पोटाला मिळावं, आणि पुढं मोकळं होता यावं. फौजदारी कोर्ट यातलं जवळजवळ काहीच देत नाही. ते फक्त शिक्षा देऊ शकतं, तीही पाच-सात वर्षांनी. म्हणून केस हा दबाव होतो आणि दबाव मोडून ती गरजेच्या वस्तू घेते. यात मला लबाडी दिसत नाही. तिच्या हातात तेवढंच एक नाणं असतं.

आणि ज्या प्रकरणांत साक्ष टिकली, तिथंही काय झालं ते आपल्या चळवळीइतकं कोणाला ठाऊक आहे? १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या (आता गडचिरोली) देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. देश तिला मथुरा म्हणून ओळखतो. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, आणि पुढे रस्त्यावर आलेल्या बायकांमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. बीडची मंजुश्री सारडा १९८२ मध्ये पुण्यात सासरी मेली. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं कायम केली, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संशयाचा फायदा दिला. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायालयापुढे होती. त्या पत्रांतलं दुःख तिच्या आत्महत्येच्या शक्यतेकडे बोट दाखवतं, असंही त्यांचं वाचन झालं. तेव्हा पुण्यात उभ्या राहिलेल्या नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं.

या लढ्यांतून आपण कायद्याची भाषा बदलली. पुराव्याचं ओझं, बंद खोलीतली सुनावणी, नाव न छापणं, हे सगळं त्यातून आलं. पण तालुक्याच्या कोर्टातली दर महिन्याची तारीख आपण कधी आपला विषय मानली नाही. मोर्चे निकालावर निघाले. रोजनाम्यावर मोर्चा निघत नाही, हेही खरं.

आता करण्यासारखं काय आहे? फिर्यादीला स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो. ही तरतूद २००९ ची आहे, नव्या संहितेत कलम १८ मध्ये आहे. त्याला उलटतपासणी घेता येत नाही, तोंडी युक्तिवादही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. पण लेखी म्हणणं देता येतं, आणि बाईच्या बाजूचा कोणीतरी कागद वाचणारा माणूस कोर्टात बसलेला असणं हेच मुळी खूप आहे. त्यासाठी पैसे नाहीत म्हणून अडायला नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज टाकायचा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम १९३). त्या दिवसांचा हिशेब ठेवून मागायला जायला हवं. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा बाईचा स्वतःचा हक्कही २००९ पासून आहे, पण फितूर झालेल्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

आणि तडजोड करायचीच असेल तर ती लिहून करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला अर्ज हा बाईचा स्वतःचा असतो. तिथं ती साक्षीदार नव्हे, अर्जदार असते. पोटगी, राहण्याची जागा, स्त्रीधन हे सगळं त्यात मागता येतं आणि ठरलेलं कोर्टाच्या आदेशात आणता येतं. फौजदारी केस संपवायची तर दोघांच्या संमतीनं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अर्ज करून ती रद्द करून घेता येते. २००३ च्या बी. एस. जोशी निकालापासून हा रस्ता आहे. खर्च आहे, वकील शहरातला लागतो, हेलपाटा आहे. पण तिथं अटी लिहिल्या जातात, रक्कम आधी भरायला लावता येते, आणि बाईला शपथेवर खोटं बोलावं लागत नाही. खोटी साक्ष हा गुन्हा आहे हे विसरू नका. बेस्ट बेकरी खटल्यात पुन्हा पुन्हा जबाब फिरवणाऱ्या जाहिरा शेखला सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये एक वर्षाची कैद दिली. नवऱ्याकडचा वकील व्हरांड्यात ही गोष्ट सांगत नाही.

बलात्काराची गोष्ट वेगळी. तिथं तडजोड नको म्हणजे नको. सर्वोच्च न्यायालयानंही २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणात तेच ठणकावलं आहे. लग्न लावून देतो, जमीन नावावर करतो, अशी बोलणी घेऊन कोणी आलं तर संघटनेनं त्या बैठकीला बसूच नये. काही ठिकाणी आपल्याच कार्यकर्त्या ‘मुलीच्या भल्यासाठी’ म्हणून बसल्या आहेत. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण हे थांबायला हवं.

राहिला तो १५ टक्क्यांचा आकडा. त्याला उत्तर द्यायचं तर आपल्याकडे आपला आकडा हवा. प्रत्येक केंद्रानं आपण पाठवलेल्या केसेसच्या निकालाच्या नकला काढाव्यात. बाईच्या नावाला हात न लावता फक्त एवढं लिहावं: तारखा किती पडल्या, सरकारी वकील बाईला साक्षीआधी भेटले का, ती फितूर झाली का, झाली तर व्हरांड्यात काय ठरलं होतं, आणि ठरल्यातलं तिला प्रत्यक्षात काय मिळालं. शेवटच्या प्रश्नासाठी तिच्या घरी जावं लागेल, तेही निकालानंतर वर्षभरानं. दहा-पंधरा केसेस झाल्या की तो कागद जिल्हा न्यायाधीशांना आणि राज्य महिला आयोगाला द्यायचा, आणि मागायचं की तडजोडीतून झालेली सुटका वेगळ्या रकान्यात दाखवा. नकलेचा अर्ज कोर्टाच्या नक्कल विभागात मिळतो. केसचा नंबर आणि वर्ष लिहून नेलं म्हणजे हेलपाटा वाचतो.